आयपीएल आणि लाल लाइटचा मास्क, दोन्ही एकच समजू नका

पापण्यांच्या कडा सुजल्यात, खाज जात नाही, डॉक्टर म्हणाले डेमोडेक्स किडे आहेत (पापणीच्या केसांच्या मुळाशी राहणारे अगदी बारीक जीव), लाइट ट्रीटमेंट करून बघू. घोळ इथेच होतो, कारण लाइट म्हणजे आयपीएलही (क्रिकेटवालं नाही, इंटेन्स पल्स्ड लाइट) असू शकतं आणि एलएलएलटी (लो-लेव्हल लाइट थेरपी), म्हणजे तो लाल एलईडीचा मास्कही, आणि लोक सरसकट दोन्हीला "लेझर केलं" म्हणतात. लेझर दोन्ही नाहीयेत!

आयपीएल म्हणजे फ्लॅश. झेनॉन दिव्याचा झगझगीत प्रकाश, फिल्टरमधून, काही मिलिसेकंदच. आधी गार जेल चोपडतात, डोळ्यांवर घट्ट शील्ड, मग खालच्या पापणीच्या खाली एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत फटाफट शॉट, प्रत्येक वेळी रबरबँड ताणून सोडल्यासारखा चटका बसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषून तापतं, फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि सूज उतरते. उष्णतेचा फटका किड्यांनाही बसतो असं मानतात, छोट्या अभ्यासांत त्यांची संख्या घटलेली दिसलीय, पण सगळे मरतात असं नाही. त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही तापतं, त्यामुळे गडद त्वचेला भाजायचा, डाग पडायचा धोका जास्त, आणि शील्ड नीट बसवली नसेल तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते, तेव्हा इथे "चालतंय की" नको.

मास्कचं काम एकदम शांत. डोळे मिटून साधारण 15 मिनिटं पडून राहायचं, 633 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश थेट पापण्यांवर, चटका नाही, त्वचेच्या रंगाची कटकट नाही. हलकी ऊब येते, पापण्यांच्या तेलग्रंथींतलं घट्ट झालेलं तेल सैल होतं. किडे मारायचं काम मात्र याच्याकडून धरूच नका.

खरं तर आयपीएललाही अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2021 मध्ये मंजुरी दिली ती तेलग्रंथी बिघडून डोळे कोरडे पडतात त्यासाठी. डेमोडेक्ससाठी म्हणून मंजूर झाले ते लोटिलॅनर या किडे मारणाऱ्या औषधाचे ड्रॉप्स, 2023 मध्ये, दिवसातून दोनदा, 6 आठवडे. म्हणजे लाइट सोबतीला ठीक आहे, ड्रॉप्सच्या जागी नाही.

पैसे भरायच्या आधी मशीन कुठलं ते विचारा, आणि खाली बघायला लावून पापणीच्या केसांच्या मुळाशी कॉलरसारखा चिकटलेला कोंडा (डेमोडेक्सची खूण) स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, खरंच दिसला का, तेही. तो दिसलाच नसेल तर सूज दुसऱ्याच कशाची असू शकते.