एकोल पॉलितेक्निक हत्याकांड

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील मॉंट्रियल शहरात ६ डिसेंबर १९८९ रोजी एकोल पॉलितेक्निक या अभियांत्रिकी संस्थेत झालेले स्त्रियांचे हत्याकांड. ही संस्था मॉंट्रियल विद्यापीठाशी संलग्न आहे. मार्क लेपीन या २५ वर्षांच्या तरुणाने अर्धस्वयंचलित रायफल आणि शिकारीचा सुरा वापरून वीस मिनिटांच्या आत १४ स्त्रियांचा जीव घेतला व अखेर स्वतःवर गोळी झाडली. मृतांत अभियांत्रिकीच्या १२ विद्यार्थिनी, परिचर्येची एक विद्यार्थिनी आणि संस्थेतील एक कर्मचारी होती. जखमींची संख्या काही नोंदींत १३, तर काहींत १४ दिलेली आढळते. त्यांत पुरुषही होते.

घटनाक्रम : सत्रातील तासांचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास लेपीन दुसऱ्या मजल्यावरील यंत्र अभियांत्रिकीच्या वर्गात शिरला. तिथे विद्यार्थी आपापले प्रकल्प सादर करीत होते. त्याने मुलगे एका बाजूला आणि मुली दुसऱ्या बाजूला केल्या आणि सुमारे ५० मुलग्यांना बाहेर पाठवले. मागे नऊ मुली राहिल्या. आपला लढा स्त्रीवादाशी आहे, असे त्याने सांगितले. त्यावर नाताली प्रोवो या विद्यार्थिनीने, आम्ही स्त्रीवादी वगैरे नाही, फक्त अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुली आहोत, असे समजावण्याचा प्रयत्न केला. त्याने गोळीबार सुरू केला. त्या खोलीत सहा जणी मेल्या, तिघी जखमी झाल्या; प्रोवो त्या तिघींपैकी एक. पुढे मार्गिका, उपाहारगृह आणि तिसऱ्या मजल्यावरील आणखी एक वर्ग असा तो फिरत राहिला.

हेतूविषयीचा वाद : लेपीनच्या खिशात तीन पानी पत्र सापडले. आपली कृती आर्थिक नव्हे तर राजकीय कारणांसाठी आहे, स्त्रीवाद्यांनी आपल्या आयुष्याचा नाश केला, असे त्यात म्हटले होते. वृत्तपत्रे आपल्याला माथेफिरू ठरवतील, हेही त्याने आधीच लिहून ठेवले होते आणि स्वतःला तो विवेकी समजत होता. १९८४ मध्ये क्वेबेकच्या विधानभवनात गोळीबार करून तिघांना मारणाऱ्या सैनिकाचा उल्लेखही पत्रात येतो. सोबत १९ स्त्रियांची यादी होती आणि वेळेअभावी त्या वाचल्या, असा तिचा आशय होता. पोलिसांनी पत्र प्रसिद्ध करण्यास नकार दिला. सुमारे वर्षभराने ते पत्रकार फ्रान्सीन पेलेतिए यांच्या हाती आले आणि ‘ला प्रेस’ या दैनिकात छापून आले. पेलेतिए यांचे स्वतःचे नाव त्या यादीत होते.

पत्र दडून राहिलेल्या त्या वर्षात घटनेचे एक स्पष्टीकरण रूढ झाले : हा एका मनोरुग्णाचा एकाकी उद्रेक. लेपीनचे हिंसक बालपण, सैन्यात न मिळालेला प्रवेश आणि खुद्द पॉलितेक्निकने नाकारलेला अर्ज यांवर त्यात भर असे. त्याचे वडील अल्जेरियन होते आणि जन्मनाव गामिल गार्बी होते, यावरून काही भाष्यकारांनी दोष वडिलांच्या संस्कृतीवर ढकलला. मात्र पत्रात धर्माचा किंवा वंशाचा आधार कुठेच घेतलेला नाही. दुसरा पक्ष स्त्रीवादी लेखिकांचा. क्वेबेकमध्ये स्त्रियांना प्रांतिक मताधिकार १९४० मध्ये मिळाला आणि १९६० नंतर त्यांचे सार्वजनिक स्थान झपाट्याने बदलले. अभियांत्रिकीच्या वर्गातील मुली हे त्या बदलाचे ठळक चिन्ह होते, म्हणून लक्ष्य त्याच ठरल्या, अशी त्यांची मांडणी. आरंभी या मांडणीवर, शोकाचे राजकारण केल्याचा आरोप झाला. मारेकऱ्याने स्वतःच कृत्याला राजकीय म्हटले असताना हा आरोप टिकणे कठीण आहे. अलीकडचे अभ्यासक मानसिक अस्वास्थ्य नाकारत नाहीत, पण त्या अस्वास्थ्याला दिशा कोणत्या विचाराने दिली, हा प्रश्न ते महत्त्वाचा मानतात आणि तो अधिक सयुक्तिक वाटतो. मॉंट्रियलमधील स्मृतिस्थळाच्या फलकावर पूर्वी केवळ शोकांतिका असा उल्लेख होता. २०१९ मध्ये मजकूर बदलून स्त्रीवादविरोधी हल्ला असे स्पष्ट नोंदवण्यात आले.

या हल्ल्याला दहशतवाद म्हणावे का, हा पुढचा प्रश्न. कॅनडाच्या दंडसंहितेत राजकीय, धार्मिक वा वैचारिक हेतूवर आधारलेली दहशतवादाची व्याख्या २००१ च्या अखेरीस आली, त्यामुळे १९८९ मध्ये तसे वर्गीकरण कायद्याने शक्यच नव्हते. टोरोंटोत फेब्रुवारी २०२० मध्ये स्त्रीद्वेषातून झालेल्या एका खुनाला न्यायालयाने २०२३ मध्ये दहशतवादी कृत्य ठरवले, तेव्हा पॉलितेक्निकचा संदर्भ साहजिकच पुन्हा चर्चेत आला.

जबाबदारी : मृत्यू-अन्वेषक तेरेसा सुरूर यांच्या १९९१ च्या अहवालाने पोलीस आणि रुग्णवाहिका सेवेवर कडक टीका केली. पोलिसांनी इमारतीला वेढा घातला, पण ते आत गेले नाहीत. तेवढ्या वेळात आत गोळीबार चालूच होता. हत्यारबंद माणूस गोळ्या झाडत असेल तर कुमकेची वाट न पाहता आत शिरायचे, ही पद्धत पुढे रुळली. १३ सप्टेंबर २००६ रोजी शहरातीलच डॉसन कॉलेजात गोळीबार झाला तेव्हा पोलीस काही मिनिटांत आत होते आणि मृतांची संख्या (मारेकरी वगळता) एकवर थांबली. वर्गाबाहेर पडलेल्या मुलग्यांना भित्रे ठरवण्याची लाटही येऊन गेली. प्रोवो यांनी मात्र त्यांच्यावर दोष ठेवण्यास जाहीर नकार दिला.

शस्त्रकायदा : लेपीनची रायफल रुगर मिनी-१४ बनावटीची होती. त्याने ती २१ नोव्हेंबर १९८९ रोजी परवान्यानिशी, लहान शिकारीसाठी म्हणून, क्रीडासाहित्याच्या दुकानातून घेतली. त्या काळी शस्त्रखरेदीचे प्रमाणपत्र पोलीस देत. १९७७ च्या कायद्याने सुरू झालेल्या या व्यवस्थेत गुन्ह्याची नोंद नसलेल्याला ते फारशा अडचणीविना मिळे. म्हणजे इथे कायद्याचा भंग करून शस्त्र मिळवले गेले नव्हते आणि नंतरच्या सगळ्या वादाचे मूळ तेच आहे.

पॉलितेक्निकची विद्यार्थिनी हायडी राथ्येन आणि प्राध्यापिका वेंडी क्युकियर यांनी शस्त्रनियंत्रणाची मोहीम उभारली. १९९१ मध्ये न्यायमंत्री किम कॅम्बेल यांच्या काळात संमत झालेल्या कायद्याने २८ दिवसांची प्रतीक्षा, सुरक्षा-प्रशिक्षण आणि मॅगझिनच्या क्षमतेवर मर्यादा (मध्यस्फोटी, म्हणजे बुडाच्या मध्यावर आघात होऊन उडणाऱ्या, काडतुसांच्या अर्धस्वयंचलित रायफलींसाठी पाच गोळ्या) या तरतुदी आणल्या. १९९५ च्या शस्त्रकायद्याने सर्वांसाठी परवाना आणि लांब नळीच्या बंदुकांचीही नोंदणी सक्तीची केली. ॲल्बर्टा प्रांताने त्याला आव्हान दिले; सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये तो एकमताने वैध ठरवला. नोंदणीवही बदनाम झाली ती खर्चामुळे. शुल्क वजा जाता सरकारी तिजोरीवर २० लाख डॉलरचाच बोजा पडेल असे सांगितले होते. महालेखापालांनी २००२ मध्ये एकूण खर्च एक अब्जापुढे जाईल असे दाखवून दिले. पश्चिमेकडील प्रांतांतील शेतकरी व शिकारी आधीच नाराज होते. पंतप्रधान स्टीव्हन हार्पर यांच्या सरकारने २०१२ मध्ये ही नोंदणी रद्द करून नोंदी नष्ट करण्याचा कायदा केला. आपल्या प्रांताच्या नोंदी मिळाव्यात म्हणून क्वेबेक न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरले. क्वेबेकचे तिन्ही न्यायाधीश अल्पमतात होते. प्रांताने मग स्वतःची नोंदणी २०१८ पासून लागू केली.

नोंदणीने जीव वाचले का, याविषयी संशोधकांत एकमत नाही. डॉसनमधील शस्त्र रीतसर नोंदलेले होते, हे विरोधक आवर्जून सांगतात. रुगर मिनी-१४ वर प्रत्यक्ष बंदी आली ती मे २०२० मध्ये. नोव्हा स्कॉशिया प्रांतात २२ जणांची हत्या झाल्यानंतर सरकारने सुमारे १,५०० प्रकारच्या शस्त्रांवर आदेशाद्वारे बंदी घातली, त्यांत ती होती.

संसदेने १९९१ पासून ६ डिसेंबर हा स्त्रियांवरील हिंसाचाराविरोधी स्मृतिदिन ठरवला आहे. नाताली प्रोवो या २०२५ च्या निवडणुकीत लिबरल पक्षातर्फे संसदेवर निवडून आल्या.