गाळ्यातल्या ट्रिपल शेजवानमागचा प्रवास

मुंबई-ठाण्याच्या जुन्या शॉपिंग सेंटरांत, झेरॉक्सवाला आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या ओळीत, चायनीजचा एखादा गाळा असतोच. भट्टी दारात, आत चार प्लास्टिकची टेबलं, टेबलावर व्हिनेगरमधल्या हिरव्या मिरच्या. तिथे ट्रिपल शेजवान मागवला की परतलेला भात, परतलेल्या नूडल्स, वर कुरकुरीत तळलेल्या नूडल्स आणि सोबत वाटीभर लाल ग्रेव्ही येते. चीनमध्ये हे या रूपात मिळत नाही. म्हणून त्याला नकली म्हणणं मात्र चूक आहे. हे आपल्याकडच्या चिनी माणसांनी आणि नंतर आपल्याच आचाऱ्यांनी घडवलेलं अन्न आहे.

त्याची मुळं कोलकात्यात आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टोंग अच्यू हा चिनी व्यापारी बंगालमध्ये आला आणि तेव्हाचा इंग्रज गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन मिळवून त्याने साखरेचा कारखाना काढला. ते ठिकाण आजही अचिपूर या नावाने ओळखलं जातं. पुढे दक्षिण चीनमधल्या कॅन्टनकडचे सुतार आले, हक्का या चिनी समाजाचे लोक आले. हक्कांनी कोलकात्याच्या टांगरा भागात कातडी कमावण्याचे कारखाने घातले आणि स्वयंपाकही तिथेच रुजला. हक्का नूडल्समधलं ‘हक्का’ हे या लोकांचं नाव. १९६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं गेलं. त्यांतले बरेच भारतातच जन्मलेले होते. सुटल्यावर अनेकांनी देश सोडला. या प्लेटमागचं हे दुःख फारसं कोणी सांगत नाही.

मुंबईत चिनी वस्ती लहान होती. माझगावातलं १९१९ सालचं चिनी देऊळ हा तिचा पुरावा. मुंबईची चव बदलली ती सत्तरच्या दशकात. १९७३ मध्ये ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन सुरू झालं आणि चीनच्या सिचुआन प्रांतातल्या तिखट जेवणाची ओळख झाली. १९७५ च्या सुमारास कोलकात्याहून आलेल्या नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपलीच फोडणी. तिच्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोर. पंचतारांकित हॉटेलातून हातगाडीवर आणि तिथून गाळ्यात हा पदार्थ उतरला, कारण कोबी, गाजर, मैदा, कॉर्नफ्लोर सगळंच स्वस्त होतं.

‘शेजवान’ हे सिचुआनचंच बदललेलं रूप. पण सिचुआनच्या जेवणाची खरी खूण म्हणजे जीभ बधिर करणारी त्यांची मिरी, आणि ती आपल्या सॉसमध्ये नसते. गंमत अशी की तिची सख्खी बहीण कोकण-गोव्यात बांगड्याच्या कालवणात पडते: तिरफळ. शेजवानमध्ये तिचा पत्ता नाही. तिथे बेडगी मिरची आणि भरपूर लसूण. ५० ग्रॅम बेडगी बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवून वाटायची, १०० ग्रॅम लसूण बारीक चिरून वाटीभर तेलात मंद आचेवर परतायचा, मग मिरचीचं वाटण घालून तेल सुटेपर्यंत शिजवायचं. मीठ, साखर, व्हिनेगर शेवटी. लसूण तपकिरी झाला की सॉस कडू होतो. तेल सुटायच्या आत आच बंद केली तर कच्चट वास राहतो.

गाळ्यातली चव घरी येत नाही, याला कारण आच. तिथल्या भट्टीवर लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापते. घरच्या शेगडीवर एकदम चार प्लेटींचा भात टाकला की कढई थंड पडते, कोबी पाणी सोडतो आणि भात परतला न जाता वाफेवर शिजतो. एका वेळी एकच प्लेट घ्यावी. भात आधी शिजवून, परातीत पसरून, निववून फ्रीजमध्ये ठेवलेला हवा. दिवसभर भट्टीशेजारी उघडा राहिलेला भात धोक्याचा, कारण त्यात वाढणाऱ्या एका जिवाणूचं विष पुन्हा परतूनही जात नाही.

मंचुरियनच्या गोळ्यांत गडबड होते ती पाण्यामुळे. किसलेल्या कोबीला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. न पिळता केलं तर मैदा वाढवावा लागतो आणि गोळा दगडासारखा होतो. ग्रेव्हीसाठी चमचाभर कॉर्नफ्लोर गार पाण्यात कालवायचं, ओतण्याआधी पुन्हा ढवळायचं. गरम पाण्यात त्याच्या गुठळ्या होतात.

स्वस्ताईची वाईट बाजू म्हणजे रंग. बेडगी महाग, डबीतली लाल रंगाची पूड स्वस्त. २०२४ च्या सुरुवातीला गोव्यातल्या म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनच्या विक्रीवर बंदी घातली, आणि मार्चमध्ये कर्नाटकाने त्यातल्या कृत्रिम रंगांवर. आमच्या मते पदार्थावर बंदी घालण्यापेक्षा रंगावर घातलेली बंदी योग्य होती. गिऱ्हाइकालाही वाटीकडे बघून थोडाफार अंदाज येतो. मिरचीचा रंग तेलात उतरतो, तेव्हा वर तरंगणारं तेल लाल आणि खालचा सॉस विटकरी दिसला तर तो मिरचीचा. तेल फिकट आणि पातळ भाग भडक लालगुलाबी असला, बोटांना लागून राहिला, तर तो डबीतला.