चित्र ते कोरीवकाम: वेक्टर फाईलींच्या गोंधळाची पार्श्वभूमी

संगणकाच्या हुकमाने लाकूड कापणारी सीएनसी यंत्रे हौसेने चालवणाऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या तर यंत्राबद्दल थोड्या आणि फाईलबद्दल जास्त असतात. आकार लहान कापला गेला, गोलाईला पैलू पडले, एका रेषेच्या दोन झाल्या, बिट (कापणारे फिरते पाते) मध्येच अडखळला आणि लाकूड करपले. चित्र नीट ट्रेस केलेले, म्हणजे त्याच्या कडांवरून रेषा काढून घेतलेले असते, स्क्रीनवर सुबक दिसत असते, तरी हे होते. चित्राचे वेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांची फाईल, करणारी बहुतेक साधने छपाईसाठी आणि पडद्यासाठी घडली. लाकडात फिरणारा बिट ती घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता, आणि त्याच्या खुणा आजच्या फाईलींत जागोजागी सापडतात.

फार मागे जायचे कारण नाही, पण एक फाटा लक्षात ठेवावा लागतो. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एका तंत्रविद्यापीठात छिद्रांच्या पट्टीवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवण्यात आले. पुढे यंत्राला हुकूम देण्याची जी पद्धत रुळली, तिचे अमेरिकी मानक १९८० मध्ये पक्के झाले. आपला जी-कोड तो हाच. त्याला मुख्यतः सरळ रेषा आणि वर्तुळाचा कंस एवढेच कळते. दुसरीकडे फ्रान्समधल्या दोन मोटार कंपन्यांत, १९५९ आणि त्यानंतरच्या काही वर्षांत, दोघा जणांनी स्वतंत्रपणे नियंत्रण-बिंदूंनी वाकवता येणारी वक्ररेषा मांडली. ती गाडीच्या पत्र्यासाठी होती, म्हणजे मुळात यंत्रकामाचीच. पण घरोघरी पोचली ती छपाईच्या वाटेने: १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा, १९८७ मध्ये इलस्ट्रेटर आणि १९८९ मध्ये कोरलड्रॉ हे चित्र काढायचे प्रोग्रॅम. ट्रेस केलेली फाईल या वक्ररेषेत असते आणि टूलपाथ, म्हणजे बिटाची वाट, रेषा-कंसांत. दर वेळी एकाचे दुसऱ्यात रूपांतर करावे लागते आणि ते अंदाजानेच होते.

आपल्याकडे ट्रेसिंगचा हात बसला तो सीएनसीच्या आधी, रेडियमच्या दुकानांत. गाडीच्या काचेवरचे नाव, दुकानाचा लोगो, मागच्या फळीवरचा वाघ हे सगळे कोरलमध्ये ट्रेस करून प्लॉटरवर कापले जाई. डीटीपी आणि फ्लेक्सच्या धंद्यातही कोरलच. ‘कर्व्ह करून पाठव’ (अक्षरांच्या रेषा कर), ‘वेल्ड कर’ (एकमेकांवर चढलेले आकार एक कर) ही बोली तिथूनच राउटरवाल्यांकडे, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या यंत्रवाल्यांकडे, आली. मात्र रेडियम कापणाऱ्या पातीला रुंदी जवळजवळ नसते, त्यामुळे बाह्यरेषा मिळाली की काम झाले. बिटाला रुंदी असते. ३.१७५ मिमीचा बिट ३ मिमीच्या फटीत शिरत नाही आणि आतला कोपरा कधीच टोकदार कापत नाही. रेडियमसाठी उत्तम ठरलेली फाईल लाकडात फसते ती इथे.

हौशी लोकांच्या हातात ट्रेसिंग फुकट आले ते पोट्रेसमुळे. २००१ मध्ये आलेला हा छोटा प्रोग्रॅम फक्त काळे आणि पांढरे एवढेच पाहतो. काळ्या भागाच्या कडेने फिरतो, ती पायऱ्यापायऱ्यांची कड कमीत कमी भुजांच्या बहुभुजात बसवतो, मग कुठे कोपरा ठेवायचा आणि कुठे वळण द्यायचे ते ठरवतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या इंकस्केप या मोफत चित्र-प्रोग्रॅमने पुढे तो पोटात घेतला. आज तिथल्या ‘ट्रेस बिटमॅप’च्या चौकटीत ठिपके गाळणे, कोपरे गुळगुळीत करणे आणि नोड (रेषेवरचे बिंदू) कमी करणे अशी जी बटणे दिसतात ती याच टप्प्यांची आहेत. पोट्रेसचे काम मला आजही देखणे वाटते. पण डोळ्याला गुळगुळीत दिसणे हा त्याचा निकष होता, आणि टोकाशी निमुळत्या व्ही-बिटाचा निकष वेगळा आहे. व्ही-बिट रुंदीवरून खोली ठरवतो. ६ मिमी रुंद पट्टी ९० अंशांच्या बिटाने ३ मिमी खोल जाते आणि ६० अंशांच्या बिटाने साधारण ५.२ मिमी. म्हणजे ट्रेसमध्ये रुंदी अर्ध्या मिलिमीटरने थरथरली, तर ६० अंशांच्या बिटाखाली तळ सुमारे ०.४३ मिमी वरखाली होतो. कागदावर न दिसणारी थरथर लाकडात तिरप्या उजेडात लगेच दिसते. पॉलिश मारल्यावर तर आणखीच.

मग यंत्रे स्वस्त झाली. २००९ मध्ये जीआरबीएल हे आर्डुइनो या छोट्या बोर्डवरून यंत्र चालवणारे मोफत फर्मवेअर आले, २०११ मध्ये शेपोको हे हौशी लोकांसाठीचे यंत्र आले, आणि पुढे ३०० × १८० मिमी फिरणारी ‘३०१८’ नावाची चिनी यंत्रे ऑनलाइन कोणालाही मागवता येऊ लागली. ज्या चिपवर हे चालते तिची रॅम अवघी २ किलोबाइट आहे. ती पुढचे सोळा-अठरा तुकडे पाहून वेग ठरवते. ट्रेसमधून आलेल्या कडेवर हजारो नोड असतील आणि प्रत्येक तुकडा ०.१ मिमीचा निघत असेल, तर यंत्राला पुढचे जेमतेम दीड मिलिमीटर दिसते. तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ते घेते. प्रवेग ५० मिमी प्रति सेकंद वर्ग धरला तर हा वेग मिनिटाला ७६० मिमीच्या आसपास येतो, फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) १५०० लिहिलेला असला तरी. बिट जागच्या जागी जास्त फिरतो, घासतो, एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) काळवंडते. लोक दोष देतात बिट फिरवणाऱ्या स्पिंडलला किंवा बिटाच्या धारेला. मूळ बहुतेक वेळा नोडांत असते.

आता ज्या निर्णयाने सर्वांत जास्त लाकूड वाया घालवले त्याकडे येतो. तो निर्णय सीएनसीशी संबंध नसलेल्या लोकांनी घेतला आणि त्याचा एकही हेतू वाईट नव्हता.

एसव्हीजी या फाईलचे पहिले मानक २००१ मध्ये आले. त्यात आकार ‘एककां’त लिहिलेले असतात आणि एक एकक म्हणजे एक पिक्सेल. एक इंच म्हणजे किती पिक्सेल? १९९८ च्या वेब-मानकात संदर्भ पिक्सेल इंचाला ९० या हिशेबाने सांगितला होता, आणि एसव्हीजीच्या मानकातल्या उदाहरणांतही ९० च होते. इंकस्केपने ९० धरले. इलस्ट्रेटर छपाईच्या पॉइंटातून आलेला, म्हणून त्याचे ७२. ब्राउझर मात्र विंडोजच्या सवयीने ९६ वर स्थिरावले, आणि २०११ मध्ये वेबच्या मानकाने १ इंच म्हणजे ९६ पिक्सेल हेच कायम केले. इंकस्केपने २०१७ च्या जानेवारीत ०.९२ या आवृत्तीपासून ९० सोडून ९६ धरले.

वेबसाठी हे योग्यच होते. एकच फाईल ब्राउझरमध्ये एका मापाची आणि इंकस्केपमध्ये दुसऱ्या मापाची, हे कुठवर चालणार? पण तोपर्यंत हौशी सीएनसी आणि लेसरच्या जगातले कितीतरी प्रोग्रॅम आणि एक्स्टेन्शने ९० हा आकडा थेट कोडमध्ये लिहून बसली होती. इंकस्केपची एसव्हीजी म्हणजे ९०, असे ती गृहीत धरत. एका अपडेटने हे गृहीतक कोसळले. जुनी १०० मिमीची फाईल ९६ समजून वाचली की ९३.७५ मिमी. नवी फाईल ९० समजून वाचली की १०६.६७ मिमी. नेमप्लेटला हे चालून जाते, कोणी मोजत नाही. खाचांच्या जोडणीला नाही. १२ मिमी प्लायसाठी काढलेली खाच ११.२५ मिमीची होते आणि पूर्ण शीट कापून झाल्यावर, तुकडे जोडायला घेतल्यावर हे कळते.

इंकस्केप करणाऱ्यांनी काळजी घेतली नाही असे म्हणता येणार नाही. जुनी फाईल उघडली की एक चौकट येते आणि विचारते: हे चित्र पडद्यासाठी आहे, की कागद किंवा थ्रीडी प्रिंट अशा प्रत्यक्ष वस्तूसाठी? प्रश्न अगदी बरोबर आहे. पण तो ज्याच्यासमोर येतो त्याने बहुधा ती फाईल कुठून तरी उतरवून घेतलेली असते. ती कोणी, कशासाठी काढली हे त्याला ठाऊक नसते. तो एक पर्याय दाबतो आणि पुढे जातो.

माझ्या मते खरा दोष ९० चाही नाही आणि ९६ चाही नाही. एसव्हीजीमध्ये पानाची रुंदी थेट मिलिमीटरमध्ये लिहिता येते आणि व्ह्यूबॉक्स नावाच्या ओळीत किती एकके म्हणजे ते पान हेही सांगता येते. या दोन्ही ओळी वाचल्या तर इंचाला किती पिक्सेल हा प्रश्नच उरत नाही. कित्येक स्वस्त आणि मोफत प्रोग्रॅमांनी त्या वाचल्याच नाहीत, नुसते आकडे उचलले. दोष वाचणाऱ्याचा, पण नाव बदनाम झाले लिहिणाऱ्याचे. आजही माप चुकले तर आधी गुणोत्तर पाहावे. ०.९३७५ किंवा १.०६७ आले तर ९० आणि ९६ ची गल्लत, ०.७५ किंवा १.३३ आले तर ७२ आणि ९६ ची, ०.८ किंवा १.२५ आले तर ७२ आणि ९० ची. यंत्राचे स्टेप्स-प्रति-मिमी (एक मिमी सरकायला मोटरने किती पावले टाकायची तो आकडा) बदलायला हात लावायचा तो यानंतर. या गोंधळात अनेकांनी नीट बसलेली यंत्रे बिघडवून ठेवली.

डीएक्सएफ या दुसऱ्या फाईल-प्रकाराकडे पळून सुटका झाली असे वाटणाऱ्यांची निराशाच झाली. १९८२ पासून चालत आलेल्या या फाईलची आर१२ ही आवृत्ती सगळीकडे उघडते म्हणून लोकप्रिय आहे, पण तिच्यात एककाची नोंद नसते आणि स्प्लाइन (नियंत्रण-बिंदूंची वक्ररेषा) ही नसते. पहिल्यामुळे माप थेट २५.४ पटीने चुकते, दुसऱ्यामुळे गोलाई सरळ तुकड्यांची होते. निदान २५.४ पटीची चूक लपत नाही, एवढे बरे.

मराठी पाटी कोरणाऱ्याला या सगळ्यावर आणखी एक अडचण आहे आणि ती बाहेरच्या मदतपुस्तिकांत कुठे सापडत नाही. देवनागरी मजकूर कर्व्ह केला की प्रत्येक अक्षराचा आकार सुटा होतो आणि शिरोरेषेत शेजारच्या अक्षरावर थोडा चढलेला असतो. पडद्यावर अखंड दिसते, बिट मात्र प्रत्येक जोडावर शिरोरेषा आडवी कापत जातो. म्हणून वेल्ड करणे अनिवार्य. इथे ट्रेसिंगचा उलटा फायदा होतो: मजकूर मोठ्या रिझोल्यूशनच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात बदलून ट्रेस केला, तर पिक्सेलांना अक्षरांचे जोड माहीतच नसतात, अखंड कड हाती येते. कोपरे थोडे बोथट होतात, ही त्याची किंमत. आरपार कापायच्या नावांत तर शिरोरेषा मोठाच आधार आहे, कारण अख्खा शब्द एका तुकड्यात धरून ठेवते. फक्त थ, ध, भ अशा अक्षरांपाशी ती तुटते. ‘वैभव’ कापले की ‘वै’ एकीकडे आणि ‘भव’ दुसरीकडे. ‘आनंद’मधला अनुस्वार तर निघून भुशात जातो. जुन्या पाट्यांत मागून पट्टी लावलेली दिसते ती याचसाठी.

२०१८ हे वर्ष आपल्याकडे दोन कारणांनी महत्त्वाचे. महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरासाठी एमडीएफ, प्लाय, पुठ्ठा यांना मागणी वाढली. घडीच्या मखरात खाचाच खाचा असतात, त्यामुळे मापाची चूक परवडत नाही. आणि त्याच वर्षी आर्टकॅम बंद झाले. आपल्याकडच्या राउटर दुकानांत वर्षानुवर्षे याच प्रोग्रॅमवर डिझाइन होत होते. जुन्या कॉपी अजून चालू आहेत, पण नव्याने शिकणारा इंकस्केप किंवा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमकडे वळतो.

२०२० च्या मे महिन्यात इंकस्केप १.० आले आणि त्यात मध्यरेषेचे ट्रेसिंग मिळाले. पोट्रेस पेनाच्या एका रेषेच्या दोन कडा देतो. रांगोळीच्या डिझाइनची किंवा हातच्या सहीची बिटाने एकदाच फिरावे अशी रेषा त्यातून निघत नाही. कोरणाऱ्यांना वर्षानुवर्षे हवी असलेली ही सोय फार उशिरा आली आणि अजूनही कच्चीच आहे. दोन रेषा जिथे छेदतात तिथे ती हमखास वाकडी होते. नोड हाताने सरळ करावे लागतात.

अलीकडे गिऱ्हाईक लोगो पाठवते ते व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे आधीच दाबलेला जेपीईजी. अक्षरांच्या कडेला करड्या ठिपक्यांची धूळ, आणि ट्रेसमध्ये त्या प्रत्येक ठिपक्याचे बेट. त्यात आता एआयने काढलेली चित्रे आली आहेत. मोराचे दोन पंख सारखे दिसतात, पण आरसा धरला तर जुळत नाहीत. अर्धे ट्रेस करून उलटवून जोडणे हाच त्यावर इलाज. काही एआय तर चित्राऐवजी थेट एसव्हीजी लिहून देतात. कडा स्वच्छ असतात, नोड मोजके असतात. मात्र त्यात व्ह्यूबॉक्स बरेचदा ५१२ बाय ५१२ असा असतो आणि मिलिमीटरमधली रुंदी बहुधा लिहिलेलीच नसते. अशी फाईल ९६ धरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये १३५.५ मिमीची उघडते, ९० धरणाऱ्यात १४४.५ ची आणि ७२ धरणाऱ्यात १८०.६ ची.