ग्रामसभा (मराठवाडा)

गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्या सर्वांची कायदेशीर सभा. पंचायतीत निवडून जावे लागते; ग्रामसभेत यादीत नाव असणे पुरते, आणि सरपंचाला खर्चाचा हिशेब विचारायला तेवढाच अधिकार लागतो.

उगम : ग्रामसभेचे मूळ वैदिक सभा-समितीत शोधतात, पण त्यास आधार दुबळा आहे. मराठवाड्यातील पैठण-तेरच्या समृद्धीशी समकालीन अशा, नाशिक येथील उषवदाताच्या (क्षत्रप राजा नहपानाचा जावई) लेखात (बहुधा इ. स. पहिले-दुसरे शतक) ‘निगमसभा’ हा शब्द येतो, ती व्यापारी पेठेची सभा असावी, कुणब्यांच्या गावाची नव्हे. तमिळनाडूतील उत्तरमेरूरच्या दहाव्या शतकातील तमिळ लेखांप्रमाणे चिठ्ठ्या टाकून समित्या नेमण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ असल्याचे दिसत नाही. मराठेकालीन गोतसभा (गावच्या वतनदार-बलुतेदारांची न्यायसभा) त्यामानाने जवळची. तिच्या निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्यावर सहीऐवजी पाटील नांगर काढी, न्हावी आरसा काढी. बलुतेदाराची निशाणी पाटलाच्या निशाणीसोबत उमटे, ही गोष्ट मोलाची आहे. मात्र ती जागा वतनामुळे, म्हणजे वंशपरंपरागत हक्कामुळे मिळे. उपऱ्या कुळाला तो मान नव्हता. त्यामुळे आजच्या ग्रामसभेस गोतसभेची वारस म्हणण्यापेक्षा प्रौढ मताधिकाराची निर्मिती म्हणणे अधिक सयुक्तिक. निजामाच्या राज्यातील प्रजेला तो मताधिकार पहिल्यांदा वापरता आला १९५१-५२ च्या निवडणुकीत.

कायदा : १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम येथे लागू झाला. ७३ व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३) ग्रामसभेला घटनेत स्थान दिले. वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती (किमान हजेरी) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नाही, आणि ही पळवाट गावाला महागात पडते : पहिल्या दिवशी माणसे जमली नाहीत, तर पुढे मोजक्यांच्या सह्यांवर ठराव होऊ शकतो. महिलांची सभा आधी घेतात. थेट निवडून आलेल्या सरपंचावरील अविश्वास ठरावालाही ग्रामसभेची गुप्त मतदानाने संमती लागते.

व्यवहार : सभा प्रायः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी भरते. झेंडावंदन उरकले की शाळेच्या व्हरांड्यात किंवा मारुतीच्या पारावर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) मागील इतिवृत्त वाचतो, हजेरीवही हातोहात फिरते. रोजगार हमीच्या (रोहयो) आराखड्यापर्यंत सारे शांत असते. घरकुलाची यादी निघाली की मागच्या रांगेतले उठून पुढे येतात.

बीडसारख्या जिल्ह्यात या तारखांचाच प्रश्न आहे. उचल (आगाऊ मजुरी) घेतलेल्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. २६ जानेवारीला वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे तेवढी राहतात, म्हणजे सर्वांत जास्त गरज असलेला मतदारच त्या सभेला नसतो. घरकुलाच्या यादीतून नाव गळाल्याचे त्याला उसाच्या फडात फोनवर कळते. पुढची सभा १ मेला.