संस्कृतिसापेक्ष मानसोपचार (नागपूर)

रुग्णाची भाषा, श्रद्धा, नातीगोती आणि दुःख सांगण्याची त्याची रीत जाणून, त्याला दोष न देता केलेला संवादरूप उपचार. तीव्र मनोविकारांत तो औषधांच्या जोडीने चालतो, त्यांच्याऐवजी नव्हे. प्रस्तुत नोंदीत नागपूर व लगतच्या विदर्भाचा संदर्भ घेतला आहे.

संज्ञा व पूर्वपीठिका : ‘मानसोपचार’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी रूढ आहे. मानसशास्त्रीय पद्धतींनी केलेला उपचार हा त्याचा मूळ अर्थ. परंतु ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हटले की औषधे लिहून देणारा, वैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टरच लोकांच्या डोळ्यांपुढे येतो. हा घोळ केवळ शब्दांचा नाही. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात गोळ्या घेण्यासाठी आलेल्या माणसाला ‘बसा, निवांत बोलू’ म्हटले, तर आपले दुखणे खरे धरले गेले नाही असे त्याला वाटू शकते.

या उपचाराचे मूळ आयुर्वेदात शोधले जाते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय ११) दैवव्यपाश्रय (मंत्र, पूजा इ.), युक्तिव्यपाश्रय (आहार व औषधे) आणि सत्त्वावजय असे औषधाचे तीन प्रकार सांगितले आहेत. पैकी सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मन आवरणे. संहितेचे आजचे रूप एका काळातले नाही. तिचा जुना थर साधारणतः इसवी सनाच्या आगेमागे दोनेक शतकांतला, तर संहिता पुढे पूर्ण करणाऱ्या दृढबलाची भर चौथ्या-पाचव्या शतकांच्या सुमाराची मानतात. सूत्रस्थान जुन्या थरात मोडते. काही अभ्यासक सत्त्वावजयाला आद्य मानसोपचार म्हणतात. मात्र सूत्राचा भर मनोनिग्रहावर आहे. रुग्णाचे ऐकून घेण्याची रीत तेथे विस्ताराने येत नाही. म्हणून त्याला पूर्वसूरी म्हणणे सयुक्तिक, समानार्थी मानणे अवघड.

आधुनिक काळात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांबरोबर नातेवाइकांनाही रुग्णालयाच्या आवारात तंबूंत राहू दिले. मनोविकारतज्ज्ञ जसवंत सिंग नेकी यांनी १९७० च्या दशकात गुरू-शिष्य नात्याचा नमुना उपचारासाठी सुचवला. तो आकर्षक असला तरी गुरूपुढे प्रश्न विचारण्याचा संकोच रुग्णाला अधिकच गप्प करील, ही शंका रास्त आहे. अमृतसरचा धडा अधिक टिकाऊ ठरला : या देशात एकटा रुग्ण क्वचितच येतो, घर त्याच्याबरोबर येते.

नागपूरची पार्श्वभूमी : मध्य प्रांत १८६१ मध्ये अस्तित्वात आल्यानंतर काही वर्षांतच, बहुधा १८६४ मध्ये, येथे वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय हा त्याचाच वारसा. पुणे (येरवडा), ठाणे व रत्नागिरी येथील रुग्णालयांसह ते राज्यातील अशा चार जुन्या संस्थांपैकी एक आहे. छिंदवाडा मार्गावरील त्याच्या परिसराला ‘पागलखाना चौक’ हे नाव अजून चिकटलेले आहे. उपचार घेऊन परतलेल्या माणसाला ते किती बोचत असेल, याचा विचार शहराने करायला हवा.

याच इस्पितळाशी सूफी संत ताजुद्दीन बाबा (१८६१–१९२५) यांचे नाव जोडलेले आहे. चरित्रपर लेखनानुसार १८९२ मध्ये त्यांना तेथे ठेवण्यात आले आणि सुमारे सोळा वर्षांनी, १९०८ मध्ये, राजे रघुजीराव भोसले यांनी हमी देऊन त्यांना शक्करदऱ्याच्या वाड्यावर आणले. हे लेखन बहुतांशी भक्तांचे असल्याने त्यातील चमत्कारकथा आणि घटना वेगळ्या ठेवाव्या लागतात. तरीही इंग्रजी अमलाने ज्याला वेडा ठरवले त्याच्या दर्शनाला लोक इस्पितळाच्या दारी गर्दी करीत, ही आठवण महत्त्वाची आहे. वेड कोणते आणि अवलियापण कोणते, हे ठरवण्याच्या दोन रीती या गावात शेजारी नांदल्या. आजही ताजबागेत, बाबांच्या दर्ग्यावर, माथा टेकून रुग्ण दवाखान्यात येतो, आणि त्यात त्याला विसंगती वाटत नाही.

‘करुणा’ या शब्दालाही येथे वेगळे वजन आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली व लाखो अनुयायांना दिली. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवरील दयेची प्रतिज्ञाही आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांची करुणाकेंद्री उपचारपद्धती लाज व आत्मदूषण यांवर काम करते आणि बौद्ध विचारांचे ऋण मानते. पण जातीच्या अपमानातून आलेली लाज केवळ मनातली चूक नव्हे. तिचे कारण बाहेर आहे, हे उपचारकाने मोकळेपणाने मान्य केले नाही, तर करुणेचा रुग्णाला काय उपयोग?

पद्धती : सुरुवात रुग्णाच्या शब्दांपासून होते. ‘नैराश्य’ हा पुस्तकी शब्द फारसा कोणी उच्चारत नाही. ‘टेन्शन हाय’, ‘जीव घाबरा होते’, ‘डोकं भणभणते’, ‘कशातच मन लागत नाई’ असे सांगितले जाते. कधी हलबी (हलबा समाजाची बोली) किंवा हिंदी मिसळते. ‘बाहेरचं हाय’ असे घरचे म्हणाले तर उपचारक हसत नाही आणि दुजोराही देत नाही. ‘तुम्हाले काय वाट्टे, हे कशानं झालं असन?’ असे विचारतो. मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत अशाच हेतूची सोळा प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत आहे. मात्र ती शब्दशः वाचून दाखवल्यास चौकशीसारखी वाटते. सासूबरोबर आलेल्या सुनेशी थोडा वेळ एकटीने बोलणे आवश्यक असते, आणि ते सासूचा मान राखून साधावे लागते.

श्रद्धेचा आदर म्हणजे छळाला मोकळीक नव्हे. रुग्णाला साखळीने बांधण्यास मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मनाई करतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

परिणाम : शहरापेक्षा खेड्यातील कामाची मोजदाद अधिक चांगली झाली आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावच्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत नैराश्यावर काम केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारांकडे वळणे म्हणजे बरे होणे नव्हे. पण कर्ज आणि नापिकीने खचलेल्या भागात मदतीसाठी दारच ठोठावले न जाणे ही पहिली अडचण होती.

ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध असून तीवर मराठीतूनही बोलता येते.