यातल्या नागपूरच्या किती?

नागपुरात स्तनाचा कर्करोग किती जणींना होतो, हे मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, ओपीडीत रांग मोजून कळत नाही. त्या रांगेत गडचिरोली, यवतमाळ, गोंदिया असतंच, शिवाय छिंदवाडा, सिवनी, बालाघाटही असतं. उलट शहरातल्या काही जणी उपचारासाठी थेट मुंबईच्या टाटाला गेलेल्या असतात.

हा हिशेब लावायला लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी लागते, म्हणजे ठरावीक भागात राहणाऱ्या सगळ्या रुग्णांची नोंद, मग उपचार कुठेही होवोत. देशातली अशी पहिली नोंदणी 1963 साली मुंबईत सुरू केली ती इंडियन कॅन्सर सोसायटी या स्वयंसेवी संस्थेनं. नागपूरची नोंदणीही तिनंच 1980 मध्ये उभी केली. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम त्याच्यानंतरचा. नव्या यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, रजिस्टरवर लागत नाही. म्हणून मला या कामाचं जास्त अप्रूप वाटतं.

काम चिकट आहे. डॉक्टर आपणहून कळवतील म्हणून वाट पाहत बसायचं नाही. नोंदणीच्या माणसांनीच रुग्णालयांत, पॅथॉलॉजी लॅबमध्ये आणि मनपाच्या मृत्यू नोंदणीत जाऊन केस पेपर चाळायचे. किमान वर्षभर शहरात राहत असलेलीच बाई शहराच्या खात्यात धरायची. समजा, एकीची बायोप्सी धंतोलीत झाली, ऑपरेशन रामदासपेठेत, रेडिएशन तिसरीकडे. एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. ही एकच बाई आहे हे ओळखलं नाही, तर एकीच्या तिघी होतात. मृत्यूच्या दाखल्यावर कर्करोग लिहिलाय, पण आधीची नोंद कुठेच नाही, असं दिसलं की उलटा माग काढायचा.

एवढं करून हाती लागतो तो अंश, म्हणजे रुग्णांची संख्या. छेद, म्हणजे शहराची लोकसंख्या, जनगणनेतून घ्यावा लागतो. 2011 मध्ये नागपूर शहराची लोकसंख्या 24 लाख होती. त्यानंतरच्या वर्षांसाठी अंदाज बांधावे लागतात.

छेद विसरला की काय होतं, याचं ठळक उदाहरण वयाचं आहे. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा दहा वर्षं लवकर गाठतो, असं सर्रास म्हटलं जातं. रुग्णांचं सरासरी वय आपल्याकडे कमी आहे, हे खरं. पण आपल्या लोकसंख्येत चाळिशीतल्या बायका भरपूर आणि सत्तरीतल्या थोड्या, त्यामुळे सरासरी तशीही खाली येणारच. त्या-त्या वयाच्या दर लाख स्त्रियांमागे किती, असं पाहिलं की चित्र बदलतं: चाळिशीपेक्षा साठीत धोका जास्त असतो. घरातल्या सुनेला तपासणीला पाठवून ‘माझं आता काय राहिलंय’ म्हणणाऱ्या सासूबाईंची तपासणी खरं तर आधी व्हायला हवी.

मुंबईत टाटा मेमोरियलनं 1998 पासून केलेला मोठा प्रयोग याच बाजूला बोट दाखवतो. त्यात दीड लाखाहून अधिक स्त्रिया होत्या. निम्म्या जणींची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, केवळ हातानं केली, मॅमोग्राफी नाही. 2021 मध्ये निष्कर्ष आले. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या. सगळ्या वयांत मिळून मृत्यूंमध्ये ठाम म्हणता येईल अशी घट नव्हती, पण पन्नाशी ओलांडलेल्यांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही.

सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वर्षांच्या स्त्रियांची अशीच हाताची तपासणी आहे, मात्र पाच वर्षांतून एकदा. दोन वर्षांऐवजी पाच वर्षांचं अंतर पुरतं का, हे शिबिराला किती जणी आल्या यावरून ठरत नाही. निदानाच्या वेळी गाठ कितपत पुढे गेलेली होती, हे रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षं नोंदवत राहावं लागतं. आणि त्यातही पन्नाशीपुढच्या बायकांचा रकाना वेगळा काढावा लागतो.