कपॅसिटर लावला की हेडलाइट मंदावत नाहीत? खुलासा

गाडीतल्या म्युझिक सिस्टिमच्या बेसच्या ठोक्याला हेडलाइट मिचमिचले की ‘१ फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटकन देणारा भाग) टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. आधी हिशेब बघा. १४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना तो कपॅसिटर जेमतेम २६ ज्यूल देतो. १००० वॅट ओढणाऱ्या अॅम्प्लिफायरला ते सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतात. नंतर त्या कपॅसिटरलाही अल्टरनेटरच (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) भरणार!

खरा दोष मल्टिमीटरने शोधा. इंजिन चालू, बेस जोरात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं अॅम्पच्या (अॅम्प्लिफायरच्या) पॉझिटिव्हवर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर बारीक आहे किंवा फ्यूज होल्डर, लग (वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्या) ढिले आहेत. स्वस्त किटमधली तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर तर हमखास मार खाते. मग असंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून अॅम्पच्या ग्राउंडपर्यंत मोजा. इथे बहुतेकदा बोल्टखालचा रंगच आडवा येतो. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत तो खरवडा.

दोन्हीकडे ठीक असूनही बॅटरीवरच व्होल्टेज १२.५ च्या खाली जात असेल, तर अल्टरनेटर किंवा बॅटरी कमी पडतेय. आधी बॅटरी आणि बेल्ट तपासून घ्या, मगच मोठ्या अल्टरनेटरचा खर्च करा.